राजाला शिवलेले हात

राजवाड्यासमोर आलं की सायकलवरून उतरायचं, टोपी काढायची आणि भिंत संपेपर्यंत चालत जायचं. असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. पण प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला ते कुणी सांगावंही लागत नाही.

मालाकाई उतरत नसे.

त्या वेळी तो ऐन तिशीत होता. खांद्याने रुंद, तोंडाचा फाटका. राजधानीच्या बाजारात कोनफळं आणि कलिंगडं विकायचा, आणि विकता विकता भाषण ठोकायचा. "लाकडाचं घर आहे ते, लाकडाचं! वर लाल छप्पर, बाहेरून पांढरा रंग. उद्या मी माझ्या डुकरांच्या खोपटाला पांढरा रंग दिला, तर तिथेही टोप्या काढाल काय रे?"

शेजारी मासे विकणारी लेसीएली त्याला कधी सोडायची नाही. "तुझी डुकरं? सासऱ्याची म्हण! आधी स्वतःची पाळ, मग रंगाचं बघू."

बाजार हसायचा. मालाकाईही हसायचा, पण रविवार सोडून वाटेल त्या दिवशी फलक घेऊन राजवाड्याच्या भिंतीशी जाऊन उभा राहायचा. आमचं सरकार आम्हाला निवडू द्या, एवढंच त्या फलकावर असायचं. भिंत कमरेएवढीच. राजाला उंच भिंतीची गरज कधी पडलीच नाही, लोकांची मान हीच त्याची भिंत. दारावरचा शिपाई मालाकाईच्याच गावचा. तो तोंड न हलवता पुटपुटायचा, "माला, जरा लांब उभा राहा ना रे. माझी नोकरी घालवशील."

गंमत अशी, की हा माणूस राजाला माती देणाऱ्या घराण्यातला होता.

राजा एवढा मोठा, की मेल्यावर त्याला त्याचा पोटचा पोरगाही शिवू शकत नाही. शिवायचं ते फक्त या एका घराण्याने. त्यांनी अंघोळ घालायची, तेल लावायचं, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळायचं, खाली ठेवायचं. आणि एकदा का त्या अंगाला हात लागला, की ते हात त्यांचे राहत नाहीत. सुतक फिटून हात सोडवण्याचा विधी होईतो त्या हातांनी जेवायचं नाही, खाजवायचं नाही, कुणाला धरायचं नाही. दुसऱ्याने भरवायचं. ते हात झाडाला लागले तर झाड वाळतं, पोराला लागले तर पोर. लोक म्हणतात असं. आणि इथे लोक म्हणजे सगळेच. भाषण ठोकणारेसुद्धा.

म्हातारा राजा गेला तेव्हा रेडिओवर नुसती चर्चची गाणी सुरू झाली. बाजार बंद. भिंतीवर काळं कापड चढलं. बायकांनी ठेवणीतल्या जुन्या फाटक्या चटया काढून कमरेला गुंडाळल्या. जेवढा मोठा मेलेला, तेवढी मोठी आणि फाटकी चटई. काहींच्या तर छातीपर्यंत आल्या.

मालाकाईची बायको लाविनिया त्या वेळी पोटुशी होती, दिवस भरत आलेले. आधीची दोन मुलं गेली होती. घरामागे पांढऱ्या वाळूचे दोन छोटे ढीग, कडेने बाटल्या उलट्या पुरलेल्या. दर शनिवारी लाविनिया तिथली वाळू सारखी करायची.

दुपारी आत्या आली. मालाकाईच्या बापाची थोरली बहीण मेलेनाईते. टोंगात घरात बापापेक्षा आत्याचा शब्द वरचा. ती आली की मालाकाईचा बाप, जिवंत होता तोवर, चटईवरून उठून खाली बसायचा.

"मालाकाई," दारातूनच ती म्हणाली, "नखं काप."

"कशाला?"

"कशाला, हे तुला माहीत आहे."

"मी येणार नाही, आत्या. ज्याच्या भिंतीबाहेर उभं राहून घसा फोडला, त्याचंच मढं धुऊ?"

"ओरडलास तेव्हा तो जिवंत होता. जिवंतावर खुशाल ओरडावं. मेल्यावर तो आपला. माझ्या बापाच्या घराण्याच्या हातांचा."

"लोक काय म्हणतील मला?"

"लोक? तुझे ते बाजारातले? ते आत्ता भिंतीबाहेर गवतात बसून रडताहेत. येताना पाहिलं मी. तुझी ती मासेवाली सगळ्यांत पुढे."

"आणि नाहीच आलो तर?"

 आत्याने लाविनियाच्या पोटाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. आत्याचा तळतळाट बाळंतपणात उतरतो, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

लाविनिया भिंतीला टेकून उभी होती. "जा," ती म्हणाली.

"तूच ना म्हणायचीस, की..."

"मी काय वाटेल ते म्हणत असेन. मागे दोन पुरली आहेत. जा तू."

मालाकाईने नखं कापली.

राजवाडा आतून बाहेरच्यापेक्षा लहान निघाला. जिना करकरायचा. वरच्या खोलीत लोखंडी खाट, खाली प्लास्टिकची बादली, खिडकीत अंगाला चोळायच्या मलमाची डबी, भिंतीला कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर. एवढ्यासाठी एवढी वर्षं आपण घसा फोडला? राग यायला हवा होता. आला नाही. भीतीही आली नाही. आली ती लाज, आणि कशाची ते त्याला कळेना.

घराण्याच्या म्हाताऱ्याने इशारा केला. मालाकाईच्या वाट्याला पाय आले. चंदन घातलेलं खोबरेल कोमट होतं आणि ते पाय तसे नव्हते. उजव्या अंगठ्याला भोवरी होती. बाजारात सांगायला काय मजेची गोष्ट! राजाच्या अंगठ्याला भोवरी! लेसीएलीने मासे टाकून टाळी दिली असती. पण त्या क्षणी मालाकाईने ती भोवरी अंगठ्याने हळूच चोळली, तिथे तेल जास्त लावलं. दुखत असेल, असं त्याला वाटलं.

दफन झालं. शिवलेल्या माणसांना राजवाड्याच्या आवारातच, मागच्या झोपडीत ठेवलं. सुतक फिटेतो तिथेच राहायचं. भरवायला लूसेआने नावाची एक विधवा बाई यायची. तिची जीभ तिखट.

"आ करा, महाराज."

"लूसेआने, गप भरव."

"रताळं आहे, शेण नाही. तोंड असं का करतोस? राजाचे पाय धरलेस ना, मग घे आता राजासारखा. त्यालाही शेवटी असंच भरवायचे म्हणे."

मालाकाई हात मांडीवर उताणे ठेवून बसायचा. नाकावर माशी बसली तर लूसेआनेला हाक मारायची. पाठ खाजली तर झोपडीच्या खांबाला घासायची. तेलाचा वास जात नव्हता. हात कितीही लांब धरले तरी यायचा.

नवा राजा आपल्या टेकडीवरच्या घरातच राहायचा. म्हणजे समुद्राकाठचा हा राजवाडा रिकामा होता. तरी सकाळी कुणीतरी पडदे उघडायचं, संध्याकाळी ओढायचं. पहारा बदलायचा. वरच्या व्हरांड्यात एक वेताची झुलती खुर्ची होती. एका दुपारी मालाकाईने ती हलताना पाहिली.

"वारा," लूसेआने म्हणाली. तिने वर बघितलंही नाही.

कुंपणाच्या पाइन वृक्षांचं एक पान हलत नव्हतं. समुद्र ताटात घातल्यासारखा सपाट पडला होता.

मग खाकरणं ऐकू येऊ लागलं. सकाळी उठून म्हातारे पुरुष घसा साफ करतात तसं, वरच्या मजल्यावरून. कुणाला हाक मारण्यासाठी नाही, नुसतं मी उठलो आहे हे घराला कळावं म्हणून. झोपडीतले बाकीचेही ते ऐकत असणार. आवाज आला की बोलणं थांबायचं, आणि मग कुणीतरी भलत्याच विषयावर बोलू लागायचं. एकमेकांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. मालाकाईने ती पुढे कितीतरी वर्षांनी, कावा नावाचं मुळांचं पेय पिता पिता, एकदाच सांगितली.

पाऊस भुरभुरत होता म्हणून तो खालच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. भिंतीपलीकडून सायकली चालल्या होत्या. एकेक माणूस उतरत होता, टोपी काढत होता, मान खाली घालून चालत होता. आतून हे दृश्य तो पहिल्यांदाच पाहत होता. आधी त्याला हसू आलं. अरे मूर्खांनो, आत कुणी नाही, मी आहे, कलिंगडवाला! मग लेसीएली आली. डोक्यावर टोपली, कमरेला चटई. तिने नजर वर न करता व्हरांड्याच्या दिशेने गुडघे वाकवले. ओळखलं नाहीच. उभं कोण आहे हे बघायची तिथे पद्धतच नाही.

आणि मालाकाईच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी गोड, ऊबदार वर चढत गेलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. तरी तो तिथे जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही. वर खुर्ची करकरत होती, खाली हा. बाहेर माना वाकत होत्या.

पोर झाली. मुलगी. जगली. निरोप लूसेआनेने आणला, आणि नावही. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिने ठेवलं पालासी, म्हणजे राजवाडा.

"दुसरं नाव नव्हतं म्हातारीला मिळत?" मालाकाई भडकला.

"नव्हतं," लूसेआने म्हणाली. "आणि ओरडू नकोस, ठसका लागेल. छान नाव आहे. कुणी हाक मारली की आजूबाजूचे सायकलवरून उतरतील."

थोड्याच दिवसांत लाविनिया स्वतःच आली. दुपारची वेळ, रस्ता उन्हाने पांढरा पडलेला. ती भिंतीशी उभी राहिली. कडेवर सालीच्या कापडात ते गाठोडं. शिपाई गावचाच, त्याने तोंड समुद्राकडे केलं.

मालाकाई भिंतीपर्यंत धावत आला आणि हातभर अलीकडे थांबला.

लाविनियाने पोर भिंतीवरून पुढे केली. "घे."

"वेडी आहेस का? माझे हात..."

"काय झालंय हातांना?"

"तुला माहीत नाही?"

"मला एवढं माहीत आहे, की बाजारात एक माणूस ओरडायचा. लाकडाचं घर आहे म्हणायचा. आत माणूसच राहतो म्हणायचा. ते ऐकून मी त्याच्याशी लग्न केलं, बापाचा मार खाऊन केलं. घे पोर."

"तूच ना मला पाठवलंस? आत्याला भिऊन?"

"भ्यायले होते. रात्र रात्र हिचा श्वास ऐकत जागले, तेव्हा भीती जिरली. ही कुणाच्या तळतळाटाने मरत नाही आणि कुणाच्या आशीर्वादाने जगत नाही. दूध पिते आणि जगते. मालाकाई, हात पुढे कर."

त्याने हात पुढे केले. खरंच केले. पोरीच्या टाळूचा खळगा धडधडताना दिसत होता. तेलाचा वास आला. आणि मागून, वरच्या मजल्यावरून, कुणीतरी घसा साफ केला.

मालाकाईने हात पाठीमागे घेतले. "नंतर," तो म्हणाला. "हात सुटले की. थोडेच दिवस."

लाविनियाने त्याच्याकडे पाहिलं. मग वर, खिडक्यांकडे. "बरं," ती म्हणाली. कापड पोरीच्या तोंडावर ओढलं आणि निघाली. शिपायाने तेवढ्यात हळू आवाजात विचारलं, "मुलगी का?" ती तोवर रस्त्यापलीकडे गेली होती.

विधी झाला. डुकरं कापली, कावा ओतला, हात धुतले, हात सुटले असं सांगितलं. सगळे शिवलेले आपापल्या घरी गेले आणि पहिल्या जेवणाला स्वतःच्या हाताने तुटून पडले. मालाकाईही जेवला. पोर चटईवर झोपली होती. तो तिच्याशेजारी बसला, हात पुढे केला. त्याचं घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं, वर मजला नाही, जिना नाही. तरी वरून ते खाकरणं त्याने ऐकलं.

"उद्या घेतो," तो म्हणाला. "झोपलीय."

आता कुणी म्हणेल, एवढा शहाणा माणूस, इतकी साधी गोष्ट! साधी असती तर उद्या झाली असती. झाली नाही. ते हात कलिंगडाला लागायचे, आणि बाजारात त्याच्याएवढी मोठी कलिंगडं कुणाची नसायची. ते हात डुकरांना लागायचे, लाविनियाला लागायचे, शेजाऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावरून फिरायचे. एका पोरीला लागायचे नाहीत.

लाविनिया भांडायची. "कलिंगडाला हात लावतोस, ते सुकतं का? सांग, सुकतं का?"

"कलिंगड गेलं तर दुसरं येतं," तो म्हणायचा, आणि मागच्या वाळूच्या ढिगांकडे बघायचा. मग लाविनियाचाही आवाज बसायचा.

आंदोलन त्याने सोडलं नाही. उलट लोकांनी पुढे पुष्कळ मिळवलं, मतपेटीत आपल्या हाताने चिठ्ठी टाकली, आणि मालाकाई त्या दिवशी बाजारात नाचला. पण राजवाड्यासमोर आला की सायकलवरून उतरायचा. टोपी काढायचा. लेसीएलीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टोपली खाली ठेवून बघतच राहिली.

"काय रे? डुकरांच्या खोपटाला टोपी?"

"गुडघा दुखतो."

"टोपी काय गुडघ्यात घालतोस?"

मालाकाई भिंत संपेपर्यंत तसाच चालत गेला. आत कुणीतरी उभं असतं आणि त्याला हे गोड लागतं, एवढंच मालाकाईला माहीत होतं. ते गोड न मिळाल्यावर आतला तो काय करेल, हे माहीत नव्हतं.

पालासी सात-आठ वर्षांची असताना आंब्यावरून पडली. हात कोपरातून उलटा वळला. मालाकाई दोन पावलांवर होता. तो तिच्यावर वाकला, आणि उचलायच्या ऐवजी शेजाऱ्यांच्या नावाने ओरडू लागला. "या रे! कुणीतरी या! पोर पडली!" शेजारी येईपर्यंत पोर मातीत पडून बापाच्या लोंबणाऱ्या हातांकडे बघत होती. रडत नव्हती. तेव्हापासून ती त्याच्यासमोर रडलीच नाही. चांगलं जेवायला वाढायची, कपडे धुवायची, विचारलं तेवढं बोलायची. आपल्यातच काहीतरी वाईट आहे, असा त्या पोरीने हिशेब करून टाकला होता आणि तो कुणाला बोलून दाखवला नव्हता.

मोठी झाली आणि ऑकलंडला निघाली. तिथे लाविनियाची बहीण होती, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायचं काम होतं. निघायच्या दिवशी अंगण भरलं. दाराशी ट्रक उभा, त्यात केवड्याच्या चटयांची गुंडाळी, कोनफळांची पोती. तिथल्या निरोपाच्या रीतीप्रमाणे एकेक बाई पोरीच्या गालाला गाल लावून श्वास ओढून घेत होती. मेलेनाईते आत्या अजून होती. खुर्चीत बसवून आणलेली, डोळे गेलेले, कान शाबूत.

मालाकाई डुकरांच्या खोपटाशी उभा होता. हात काखेत.

पालासी त्याच्यासमोर आली. "बाबा, निघते."

"हं. तिकडे थंडी असते."

"हो."

"डोकं झाकत जा."

"आईने सांगितलं मला," ती म्हणाली. "काल रात्री."

"काय सांगितलं?"

"भिंत. दुपार. सगळं." तिचा आवाज एकदम चिरकला. "आधी का नाही सांगितलं कुणी? मला वाटायचं, मीच... आंब्याखाली पडले होते तेव्हा मला वाटलं, माझ्यात काहीतरी घाण आहे म्हणून तुम्ही शिवत नाही. इतकी वर्षं मी हेच धरून बसले, बाबा."

मालाकाईने हात काखेत आणखी घट्ट दाबले.  

टोंगात मूल बापाच्या डोक्याला हात लावत नाही. बाप झोपलेला असला तरी नाही, आजारी असला तरी नाही. त्याचं उष्टं खात नाही, त्याच्या चटईवर लोळत नाही, आणि डोक्याला तर मुळीच नाही. पालासीने दोन्ही तळवे उचलले आणि बापाच्या पिकलेल्या केसांवर ठेवले.

अंगणातल्या बायकांनी एकदम श्वास आत ओढला. "काय झालं?" आंधळी आत्या खुर्चीतून ओरडली. "काय केलं तिने? सांगा मला!" 

"आता माझेही हात बाटले," पालासी म्हणाली. "होऊ दे काय व्हायचं ते दोघांचं. द्या इकडे."

तिने त्याचा उजवा हात काखेतून ओढून काढला. तो ताठ होता. बोटं एकेक करून उघडावी लागली. मग तिने तो आपल्या गालावर दाबून धरला.

मालाकाई ऐकत होता. मान थोडी वर, डोळे मिटलेले. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. मागे डुकरं नाकाडाने पाणी ढवळत होती. कुणाचं तरी तान्हं किरकिरलं. तो आणखी थांबला. घसा साफ केल्याचा आवाज कुठूनच आला नाही. गाल घामाने ओला होता, खाली दात आवळलेले लागत होते. बाकी काही नाही.

पोरीनेच मग हात सोडला. चढली, ट्रक गेला, धूळ बसली.

मालाकाई खोपटाशी मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडू लागला. राजा गेला तेव्हा रडला नव्हता, दोन पुरली तेव्हा रडला नव्हता. लाविनिया धावत आली. "काय झालं? काय झालं तिला?"

"काही नाही झालं," तो म्हणाला. दोन्ही हात तिच्यापुढे उताणे धरून तेच म्हणत राहिला. "काहीच नाही झालं, लाविनिया. तेव्हाही झालं नसतं."